बाई, तुमच्या रकान्यात काय?

दक्षिण कोरियातल्या आमच्या गोहुंगला रॉकेट उडवायचा तळ आहे, त्यामुळे आमच्या शाळेतली आठवीची निम्मी मुलं दरवर्षी अंतराळ शास्त्रज्ञ होतात. म्हणजे कागदावर होतात. मार्चमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की मी त्यांना एक तक्ता वाटते. तीन रकाने असतात: मुलाची इच्छा, पालकांची इच्छा, कारण. शास्त्रज्ञ वगळून उरलेल्यांत चार-दोन डॉक्टर, चार-दोन फुटबॉलवाले, आणि पालकांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच मजकूर: सरकारी नोकरी.

माझं नाव मुन गुम-सिल. वीस वर्षं मी गृहशास्त्र शिकवलं, बटणं लावायला आणि भात शिजवायला. मग सरकारनं प्रत्येक शाळेत करिअर शिकवणारा एक शिक्षक ठेवायचं ठरवलं, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "मुन बाई, तुमच्या तासाला मुलं गप्प बसतात, तुम्हीच घ्या." सहाशे तासांचं प्रशिक्षण झालं आणि मी करिअरच्या बाई झाले. त्यालाही अकरा वर्षं होऊन गेली होती. मी सांगतेय ते माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षाचं. पुढच्या फेब्रुवारीत मी निवृत्त होणार होते.

त्या मार्चमध्ये तक्ते गोळा केले तर एकाचा पहिला रकाना कोरा. नाव जांग दासोम. तिचे वडील समुद्रात गिमची, म्हणजे खायच्या शेवाळाची, शेती करतात आणि आई ते गिम वाळवायच्या कारखान्यात कामाला जाते. आई व्हिएतनामहून लग्न होऊन इथं आलेली. पालकांच्या रकान्यात वडिलांनी ठसठशीत लिहिलं होतं, सरकारी नोकरी. त्याच्या खाली, पाटीवर गिरवल्यासारख्या जपून काढलेल्या अक्षरात आईनं लिहिलं होतं, "दासोमला विचारा."

म्हणून मी विचारलं. तास संपल्यावर तिला टेबलाशी बोलावलं.

"काय गं, विसरलीस का?"

"नाही बाई. काही नाहीये."

"असं कसं काही नाही? काहीतरी आवडतच असेल ना?"

"आवडतं खूप काय काय."

"मग त्यातलं एक लिही. पुढच्या शुक्रवारपर्यंत मला संगणकात भरायचंय. कोरा रकाना तो घेत नाही."

दासोम म्हणाली, "बाई, पाचवीत मी जनावरांची डॉक्टर लिहिलं होतं. तेव्हापासून बाजारातल्या मावशा मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागल्या. वाढदिवसाला तीन जणांनी कुत्र्यांची पुस्तकं दिली. सातवीत मी केक बनवणारी लिहिलं, तर बाबा म्हणाले, हिच्यात चिकाटीच नाही. एकदा लिहिलं की सगळे तेच धरून बसतात. त्यापेक्षा नकोच."

दाराशी तिचा मित्र मारू दप्तर घेऊन ताटकळत उभा होता. हा आमचा त्या वर्षीचा मुख्य शास्त्रज्ञ, गणितात शंभरातले एकोणतीस. तो तिथूनच म्हणाला, "बाई, तुमच्या रकान्यात काय होतं?"

"माझ्या? शिक्षिका," मी म्हटलं. अकरा वर्षं प्रत्येक वर्गाला हेच उत्तर देत आले होते.

"ते झालं की. आता फेब्रुवारीनंतर काय?"

मी टेबलावरचे तक्ते सारखे करू लागले. खरं सांगायचं तर फेब्रुवारीनंतरचं माझ्या नवऱ्यानं ठरवून ठेवलं होतं. हे, म्हणजे जोंग-दू, शेतकी सोसायटीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. डोंगराच्या उतारावर त्यांनी युजाची, म्हणजे आमच्याकडच्या पिवळ्या सुगंधी लिंबांची, दोनशे झाडं लावली होती. मी मोकळी झाले की दोघांनी मिळून युजा चिरायचे आणि साखरेत मुरवून बरण्या भरायच्या. त्यांनी माझ्यासाठी गुलाबी रबरी बूटसुद्धा आणून ठेवले होते. युजाचा वास मला आवडतो. पण ते बूट दिसले की मला का कोण जाणे, झोप येऊ लागायची.

"बघा," मारू म्हणाला, "बाईंचाही कोराच आहे."

दासोम पहिल्यांदा हसली. मलाही हसू आलं, आणि त्या भरात मी बोलून गेले, "बरं, सौदा करू. आधी तुम्ही मिळून माझा रकाना भरून दाखवा. मग दासोमचं बघू."

पोरांना एवढं पुरलं. पुढच्या सोमवारी फळ्यावर लिहिलेलं होतं: विद्यार्थिनी मुन गुम-सिल, वय एकसष्ट. वर्गानं माझी कलचाचणी घेतली, तीच जी मी त्यांची घेते. निकाल आला, "अंत्यविधी व्यवस्थापक किंवा वाहतूक पोलीस." वर्ग बाकं बडवून हसला. मीही हसले, मग तो कागद पालथा ठेवला. या चाचणीचे निकाल मी अकरा वर्षं मुलांच्या हातात गंभीर चेहऱ्यानं ठेवत आले होते.

मग मुलाखत. प्रश्न दासोमनं काढले होते. पुस्तकात असतात तसे त्यात नव्हते. तुमचं स्वप्न काय, तुमचा आदर्श कोण, असलं काही नाही. पहिलाच प्रश्न होता, "कोणतं काम चालू असलं की तुम्ही बघत उभ्या राहता?"

मी म्हणणार होते, कुणी छान शिवत असलं की. तोंडातून निघालं, "बस मागे घेताना."

"म्हणजे?" दासोम म्हणाली.

आता सुरू झालंच होतं, तर मी सांगून टाकलं. लहानपणी आमच्या गावात दिवसातून दोनदा बस यायची. रस्ता आमच्या घरापुढेच संपायचा, पुढे खाजण. तेवढ्याशा जागेत ड्रायव्हर ती एवढी मोठी गाडी वळवायचा. कंडक्टर मुलगी मागे उभी राहून पत्र्यावर थापा मारायची, "ओराय! ओराय!", म्हणजे ऑल राइट, येऊ दे मागे, आणि ड्रायव्हरचे हात स्टिअरिंगच्या चाकावर असे फिरायचे, जसे माझ्या आईचे पीठ मळताना. बसचं मागचं चाक खाजणाच्या काठापासून वीतभर अलीकडे थांबायचं. दररोज. बाकीच्या मुलींना कंडक्टर व्हायचं होतं, निळ्या टोपीसाठी. मला ड्रायव्हरच्या हातातलं ते चाक हवं होतं. दहा वर्षांची असताना मी तसं वडिलांना सांगितलं.

"रागावले?" मारूनं विचारलं.

"रागावले असते तर बरं होतं. हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग घरी येईल त्या पाहुण्याला सांगायचे, आमची ही बस चालवणार आहे बरं का. पाहुणेही हसायचे. मी पुन्हा विषय काढला नाही. शिक्षिका हे त्यांनीच लिहिलं."

हे मी पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्कन हसलं, तशी दासोमनं मान वळवून असं बघितलं की तो गप्पच झाला. मग मारू, अगदी सोपी गोष्ट असावी तसा, म्हणाला, "मग शिका की बाई."

शाळा सुटल्यावर मी संगणक उघडला. कोरा रकाना तो घेत नाही हे खरं होतं. पण यादीत सगळ्यात खाली एक पर्याय होता: "अजून शोध चालू." तो कायमच तिथं होता. अकरा वर्षांत मी तो एकदाही निवडला नव्हता, कारण वरच्या कार्यालयाला आकडे जातात आणि शोध चालू असलेलं मूल आकड्यांत बरं दिसत नाही. म्हणून दर वर्षी शेवटच्या दिवशी मी दोन-चार मुलांना पकडून बसवायचे आणि म्हणायचे, लिही रे काहीतरी. किती जणांनी माझं मन राखायला शास्त्रज्ञ लिहिलं असेल, देव जाणे.

दासोमच्या नावापुढे मी तो पर्याय निवडला. दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, असा एक पर्याय आहे, माझी चूक झाली, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. कुणाला बदलायचंय? एक हात वर आला, मग दुसरा. एकूण अकरा. मारूचा त्यात होता.

"तू तर रॉकेट बनवणार होतास!"

"बाई, मला रॉकेट बघायला आवडतं," तो म्हणाला. "गणित करायला कोण सांगतंय!"

दोन दिवसांनी हेडमास्तर गुक माझ्या टेबलाशी आले. माणूस सज्जन, आवाज कधी चढवत नाहीत. "मुन बाई, आपल्या आठवीचं दरवर्षी शंभर टक्के असतं. यंदा चौऱ्याहत्तर दिसतंय. काही तांत्रिक अडचण?"

"नाही सर. यंदा खरं लिहिलंय."

"वरून फोन आला तर?"

"माझ्याकडे द्या. मला काय, फेब्रुवारीत जायचंच आहे."

"ते तुमचं झालं. मला अजून चार वर्षं काढायचीत," असं म्हणून ते गेले. पण त्यांनी आकडा बदलायला सांगितलं नाही. फोन आला की नाही, ते मला आजही माहीत नाही.

मी समजले होते माझं प्रकरण तिथंच मिटलं. पण दासोमनं बस कंपनीला फोन केला होता. मला न विचारता, मधल्या सुट्टीत, वहीत प्रश्न लिहून. वही माझ्यापुढे धरून ती वाचू लागली, "ड्रायव्हर पाच कमी आहेत. दोन गावांच्या फेऱ्या बंद कराव्या लागल्या. मोठ्या गाडीचा परवाना लागतो, मग एक लेखी परीक्षा, मग तब्येतीची तपासणी. मी विचारलं, बासष्ट वर्षांची बाई चालेल का? ते काका म्हणाले, गाडी चालवता येत असेल तर कुणीही चालेल, दर वर्षी तपासणी करून नोकरी पुढे चालू ठेवू. मग त्यांनी विचारलं, कोण आहे, आजी का तुझी? मी म्हटलं, आमची विद्यार्थिनी आहे."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जवळच्या सुन्चन शहरातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. घरी सांगितलं, शिक्षकांचं शिबिर आहे. का सांगितलं असं? आमचे हे चांगले आहेत. पण ते हसले असते तर मला सोसलं नसतं.

शिकवणारे बिन मास्तर माझ्या मुलाच्या वयाचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "मावशी, छोटी गाडी किती वर्षं चालवताय?"

"तीस."

"मग ते सगळं विसरा. इथं तुम्ही पुढच्या चाकांच्याही पुढे बसलाय. आधी बस पुढे जाऊ द्यायची, मग वळवायची. घाई केली की मागचं चाक रेघेवर."

मी घाई करायचे. जन्मभर घंटेवर जगलेली बाई! दर वळणाला मागचं चाक रेघेवर जायचं आणि भोंग्यातून एक बाई थंडपणे सांगायची, पाच गुण वजा. पहिल्या परीक्षेत काटकोनाच्या वळणावर आपटले. दुसऱ्या वेळी चढावर गाडी मागे घसरली. तिसऱ्या वेळी सगळं नीट झालं, फक्त गाडी लावायला इतका वेळ घेतला की वेळच संपली. दर परीक्षेनंतर दासोमचा निरोप यायचा, "कुठं चुकलं?" लागला का निकाल, झालात का पास, असं ती कधीच विचारायची नाही. मी सविस्तर लिहून पाठवायचे आणि लिहिता लिहिता मलाच कळायचं.

आमच्या ह्यांना ते बाजारात कळलं. मारूची आई मासे विकते. तिनं बांगडे कागदात बांधता बांधता विचारलं, "काय हो, बाई यावेळी चढ चढल्या का?"

मी घरी आले तेव्हा हे ओट्यावर युजाची कात्री पुसत बसले होते. वर बघितलं नाही.

"चढ कसला गं?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. वडिलांचंही सांगितलं. हे हसले नाहीत. बराच वेळ कात्रीच पुसत राहिले, ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

"आठवीतल्या चाळीस-पंचेचाळीस पोरांना माहीत," ते म्हणाले, "मासेवालीला माहीत. मला नाही."

"तुम्ही हसाल वाटलं."

"पस्तीस वर्षांत मी तुला कधी हसलोय?"

मी आठवून बघितलं. खरंच हसले नव्हते. मला रडू फुटलं. हे उठले आणि भाजलेल्या बांगड्याची बशी माझ्यापुढे ठेवली. रागात असले की हे मासे भाजतात. जेवताना म्हणाले, "बरण्यांचं मी बघतो. ते बूटही तुला नको होते ना?"

"नको होते."

"मग तेव्हाच सांगायचं. परत घेतले असते दुकानदारानं."

चौथ्या परीक्षेला हे आले. उकडलेले बटाटे आणि जवाच्या चहाचा थर्मास घेऊन मैदानाच्या कडेला बाकावर बसले. मी बसमध्ये चढले, आरसे लावले, पट्टा बांधला. काटकोनाच्या वळणावर आले तेव्हा स्वतःला म्हटलं, बाई, जाऊ दे पुढे. अजून जाऊ दे. मग चाक फिरवलं. आरशात मागचं चाक रेघेच्या आतून, वीतभर जागा ठेवून, सावकाश वळून गेलं. चढावर थांबले, निघाले, केसभरही मागे आले नाही. गाडी लावली, काढली. शेवटी भोंग्यातली ती थंड बाई म्हणाली, "नव्वद गुण. उत्तीर्ण." मी खाली उतरले. ह्यांनी हातात बटाटा दिला. "मीठ लावलंय," एवढंच म्हणाले. बिन मास्तर लांबून ओरडले, "मावशी, बटाटा इकडंही!"

सप्टेंबरमध्ये वर्गात परवाना फिरवला. पोरांनी तो नाणं तपासावं तसा उजेडात धरून बघितला. मारूनं फोटो बघून विचारलं, "बाई, यात तुम्ही एवढ्या घाबरलेल्या का दिसताय?" मी म्हटलं, फोटो आधी काढतात रे.

त्या सत्रात मी तास बदलले. दर आठवड्याला दोन-तीन मुलांनी दासोमच्या प्रश्नाचं, कोणतं काम बघत उभं राहावंसं वाटतं याचं, उत्तर शोधून आणायचं, आणि मग ते काम करणाऱ्या माणसाकडे अर्धा दिवस जाऊन बसायचं. कुणी न्हाव्याकडे बसलं, कुणी जहाजं रंगवणाऱ्यांकडे, कुणी तालुक्याच्या कचेरीत. कचेरीतून परतलेली मुलगी म्हणाली, तिथली बाई दिवसभर रडणाऱ्या म्हाताऱ्यांना अर्ज भरून देत होती, मला ते काम आवडलं. म्हणजे सरकारी नोकरीच, पण आता ती तिची होती. मारू मासळीच्या लिलावात गेला आणि घरी येऊन आईला म्हणाला, मी लिलाव पुकारणार. त्याच्या खणखणीत आवाजाचा असा उपयोग त्याला आजवर कुणी सांगितला नव्हता.

दासोम त्या सत्रात आपणहून नऊ ठिकाणी जाऊन आली. जनावरांच्या दवाखान्यातही गेली आणि कुणालाही न सांगता परत आली. फेब्रुवारीत माझ्या निरोपाच्या दिवशी तिची आई शाळेत आली होती, कारखान्यातल्या पांढऱ्या बुटांसकट. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, घरी आता खूप बोलते. मला पण विचारते, आई, तू काय बघत उभी राहतेस?"

"मग काय सांगितलं तुम्ही?"

ती लाजली. "केस कापणं. व्हिएतनाममध्ये शिकत होते. अर्धंच राहिलं."

दासोम मागे उभी होती, वही उघडून. मला वाटतं, तिनं फोन लावायलाही सुरुवात केली होती.

दासोम आता दहावीला आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा भरती-ओहोटीच्या तक्त्यांत गुंतली होती, बाबांच्या गिमच्या जाळ्यांसाठी. पुढे तेच करणार का, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. आईला मात्र तालुक्यातल्या एका केशकर्तनालयात शनिवारचं काम मिळालंय.

आणि मी. लेखी परीक्षा, तपासणी, महिनाभर जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून रस्ते पाठ करणं, हे सगळं होऊन मे महिन्यात मला बंद पडलेल्या दोन फेऱ्यांपैकी एक मिळाली. सकाळी साडेसहाची. हे मला सोडायला डेपोपर्यंत आले आणि बस निघाल्यावर हात हलवायचं विसरून नुसते बघत राहिले.

त्या दिवशी तिसऱ्या गावाला एक आजी चढल्या, पाठीवर लसणाची जुडी, हातात काठी. दोन पायऱ्या चढायला त्यांनी घेतला तेवढा वेळ मी घेऊ दिला. माझ्या मागच्याच सीटवर बसल्या आणि पाच मिनिटं आरशात माझा चेहरा न्याहाळत राहिल्या.

"तू शाळेतली ना? माझ्या धाकट्याला बटण लावायला शिकवलंस तू."

"लावतो का आता?"

"कसला लावतोय! बायको लावते. चाळीस वर्षांचा झाला, अजून म्हणतो, आई, काय करावं कळत नाही."

"कळेल," मी म्हटलं. "माझं बघा ना, किती उशीर झाला."

आजी खळखळून हसल्या. मग खिडकीतून बाहेर बघत, काठीनं खाली दोनदा टकटक करून म्हणाल्या, "ते पुढे खुरमा फळाचं झाड दिसतंय ना, तिथं उतरव मला. थांबा लांब आहे."

थांबा सोडून मध्येच गाडी उभी करायची नाही, असा नियम आहे. रस्ता मागेपुढे मोकळा होता. मी आरसा बघितला, दिवा लावला आणि झाडाखाली बस उभी केली. आजी उतरून, जुडी सावरून, वाटेला लागेपर्यंत दार उघडंच ठेवलं.